जुनं मोठं चेनसॉ मशीन: आधी किंमत काढा, मग पान्हा उचला

सातारा-सांगलीच्या डोंगरपट्ट्यात, पाटण-शिराळ्यापासून जावळी-वाईपर्यंत, लाकडाचा धंदा केलेल्या घराच्या पडवीत एखादं जुनं अवजड चेनसॉ मशीन सापडतंच. पोत्यात गुंडाळलेलं, वर कोळिष्टकं, चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीवर गंज. त्याबद्दल गावात दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "किलोवर घाल." दुसरा म्हणतो, "असला माल आता येत नाय, पन्नास हजाराच्या खाली हलवू नको." गंमत म्हणजे दोघांनीही सायलेन्सर काढून आत बघितलेलं नसतं.

अशा मशीनची खरी किंमत दुरुस्तीच्या आधीच कळते. एक पान्हा, एक स्क्रूड्रायव्हर, चांगली बॅटरी आणि तासभर वेळ, एवढ्यात अंदाज येतो. बहुतेक लोक उलटं करतात. आधी कार्ब्युरेटरचा किट, नवा प्लग, नवी चेन असा खर्च करत सुटतात आणि शेवटी कळतं की पिस्टनच गेलाय. म्हणून या लेखात किंमत मधे येते आणि दुरुस्ती त्यानंतर.

मशीन कोणतं आहे?

मोठं मशीन म्हणजे साधारण ९० सीसीच्या पुढचं. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं ते स्टिल या जर्मन कंपनीचं ०७०. १०६ सीसी, बोअर म्हणजे सिलेंडरचा व्यास ५८ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ४० मिलिमीटर. त्याचा थोरला भाऊ ०९०, बोअर ६६ मिलिमीटर, १३७ सीसी. या घराण्याचं मूळ १९५९ च्या स्टिल कॉन्ट्रा मशीनमध्ये आहे. मधे गिअर न ठेवता चेन थेट फिरवणारं ते मशीन होतं. नुसतं इंजिनच दहा किलोच्या वर भरतं, पट्टी आणि चेन वेगळी. आजची मोठी मशिनं मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांवर किंचाळतात, ही जुनी सात-आठ हजारांवरच राहतात, पण ओंडक्यात रुतली की दम सोडत नाहीत. क्वचित स्टिल ०५१, ०७६ किंवा हस्कवर्ना कंपनीचं २१०० हेही हाती लागतं.

खरा घोळ आहे तो कॉपीचा. ०७० ची चिनी नक्कल वर्षानुवर्षं धडाक्यात विकली जातेय आणि रंग उडाला की दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून वरच्या स्टिकरवर जाऊ नका, स्टिकर कोणीही चिकटवतो. ओतीव भागांवर बघा. अस्सल मशीनच्या बॉडीवर, सिलेंडरवर, फ्लायव्हीलवर (दोरी ओढली की फिरणारं इंजिनचं जड चाक) कंपनीचं नाव किंवा पार्ट नंबर ओतकामातच उठवलेला असतो आणि कडा साफ असतात. नकलेत ओतकामाच्या जोडाची शीर तशीच राहिलेली दिसते, बोट फिरवलं तर टोचते, आणि स्क्रूची डोकी पहिल्याच झटक्यात गोल होतात. 'वेस्ट जर्मनी' असं उठवलेलं असेल तर मशीन १९९० च्या एकीकरणाआधीचं. ब्राझीलमध्ये बनलेली ०७० ही सुद्धा अस्सलच, तिला कमी लेखू नका.

नक्कल निघाली म्हणून फेकायची नाही. फक्त हिशेब वेगळा.

दोरी ओढायची नाही

जुनं मशीन दिसलं की प्रत्येकाचा हात आधी स्टार्टरच्या दोरीला जातो. तो आवरा. आत गंज, कुंभारमाशीची माती, तुटलेल्या रिंगेचा तुकडा, काहीही असू शकतं आणि एका जोरदार झटक्यात चांगल्या सिलेंडरवर ओरखडा पडतो.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठची कितीतरी मशिनं पाण्याखाली गेली. सांगली, पलूस, वाळवा या भागातून जुनं मशीन येत असेल तर "पाण्यात होतं का?" हा प्रश्न पहिला विचारा. उत्तर काहीही मिळो, एअर फिल्टरचं झाकण काढून कोपऱ्यात बघा. नदीचा गाळ वाळला की पिठासारखा बारीक राहतो आणि कोपऱ्यातून निघत नाही. या मशीनची बॉडी बहुधा मॅग्नेशियमची असते, पाण्यात राहिली की तिच्यावर पांढरी बुकटी धरते. गाळ दिसला तर क्रँकचं (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलं असं धरूनच पुढचा भाव बोला.

प्लग काढा. भोकातून दोन चमचे टू-टी ऑइल सोडा, मशीन चारी बाजूंना कलतं करा आणि थोड्या वेळाने फ्लायव्हील हाताने हळू फिरवा. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं भरून दोन-चार दिवस तसंच ठेवा. फ्लायव्हीलच्या पात्यांना पान्हा लावून जोर करायचा नाही. पातं तुटलं तर फ्लायव्हीलचा तोल गेला.

सायलेन्सरची खिडकी

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, त्यामुळे इथे घाई नको. सायलेन्सरचे स्क्रू किंवा नट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सायलेन्सर निघाला की सिलेंडरला एक खिडकी दिसते. फ्लायव्हील फिरवून पिस्टन त्या खिडकीसमोर आणा आणि बॅटरी तिरपी धरून बघा.

पिस्टनच्या अंगावर तयार करताना पडलेल्या बारीक आडव्या रेघा अजून दिसत असतील, तर मशीन फार चाललेलं नाही. अंग गुळगुळीत, राखाडी, पण ओरखडे नाहीत, तरी चांगलं. उभ्या रेघा दिसल्या की नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर चालतं. अडकत असेल तर पिस्टन गेला.

रेघा कुठे आहेत यावरून दुखणं कळतं. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर मशीन तापलेलं आहे, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. कार्ब्युरेटरच्या बाजूला असतील तर फाटक्या फिल्टरमधून धूळ आणि भुसा आत गेलाय. चारी बाजूंनी असतील तर कुणीतरी ऑइल न घालता साधं पेट्रोल ओतलंय. ही शेवटची केस आपल्याकडे भरपूर, कारण मोटरसायकल आणि मशीनचं कॅन एकच असतं. हे कारण कळणं फार गरजेचं. नाहीतर नवा पिस्टन बसवाल आणि जुन्याच कारणाने तोही जाईल.

आता कनेक्टिंग रॉड बघा. पिस्टन मध्यावर आणून फ्लायव्हील अगदी थोडं पुढे-मागे हलवा. 'टक टक' असा मोकळा खेळ जाणवला तर रॉडचं बेअरिंग झिजलंय. मग फ्लायव्हील धरून वर-खाली हलवा. तिथेही खेळ असेल तर क्रँकचं बेअरिंग. या दोन ठिकाणी खेळ असलेलं मशीन मी फक्त पार्टच्या भावात घेतो, ते कितीही चकाचक असो.

सिलेंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज असेल तर लावा. चोक उघडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि काटा थांबेपर्यंत दोरी ओढा. १३० पीएसआयच्या वर आलं तर मशीन ठणठणीत, १०० च्या खाली गेलं तर रिंग-पिस्टनचं काम निघणार. गाड्यांचं लांब पाइपवालं गेज लहान इंजिनवर कमी आकडा दाखवतं, विशेषतः त्याची झडप प्लगकडच्या टोकाला नसेल तर. त्या आकड्यावर भाव पाडून मागणारे भेटतात, ऐकू नका. स्टार्टरच्या मुठीला मशीन लटकवून ते किती सावकाश खाली येतं हे बघायची पद्धत लहान मशीनला ठीक. दहा-अकरा किलोचं धूड स्वतःच्याच वजनाने खाली येतं, त्यावरून काही कळत नाही.

मशीन चालू अवस्थेत विकायला काढलं असेल तर आणखी एक पथ्य. मालक म्हणतो, "पाव्हणं, एका दोरीत चालू होतंय बघा." तुम्ही आधी सिलेंडरच्या पात्यांना हात लावून बघा. कोमट लागलं तर ते तुम्ही यायच्या आधी तापवून ठेवलंय. चहा घ्या, गप्पा मारा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच दोरी ओढायला सांगा.

आता किंमत

एका मशीनला तीन किमती असतात. पहिली भंगाराची. दुसरी पार्टची, म्हणजे चांगला अस्सल सिलेंडर, क्रँक, कॉइल, कार्ब्युरेटर आणि पट्टी सुटी विकली तर काय येईल. तिसरी चालू मशीनची. सौदा करताना समोरचा नेहमी तिसरी बोलतो आणि हातात देतो ते दुसऱ्या किमतीचं.

चालू किमतीला आपल्याकडे एक छत आहे: त्याच ताकदीची नवी कॉपी दुकानात कितीला मिळते. वखारवाल्याला मशीनने ओंडका कापायचा असतो, इतिहास नको असतो. अस्सल जुन्याला तो कॉपीपेक्षा थोडं जास्त देईल, कारण क्रँक आणि ओतकाम जास्त टिकतं हे त्याला माहीत असतं. पण दुप्पट देणार नाही. कराड किंवा सांगलीच्या शेती औजारांच्या दोन दुकानांत आधी कॉपीचा भाव विचारून घ्या, कंपनीच्या डीलरकडे पार्टचा भाव विचारा. ऑनलाइन जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे.

हिशेब असा धरा. समजा, तुमच्या भागात असं चालू मशीन १८,००० ला जाईल असं वाटतं. पिस्टन-सिलेंडर किट, सील, डायफ्राम, पाइप, चेन आणि लेथचं काम मिळून खर्च ७,००० येतोय. उरले ११,०००. त्यातून न दिसलेल्या दुखण्यासाठी किमान पाचवा हिस्सा बाजूला काढा आणि स्वतःच्या वेळेचं काहीतरी धरा. म्हणजे सात-साडेसात हजारांच्या वर तुम्ही बोलायचं नाही. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, रीत तेवढी घ्या. आणि ही बेरीज उणे येत असेल तर मशीन पार्टसाठीच ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

घरचंच मशीन असेल तरी हा हिशेब करा. आजोबांचं म्हणून जपायचं असेल तर खुशाल जपा, पण मग तो खर्च हौसेच्या खात्यात घाला.

अस्सल मशीनला नकलेचा पिस्टन-सिलेंडर किट बसतो आणि स्वस्तात बसतो. कामाला चालून जातं. मात्र संग्रहासाठी घेणाऱ्याच्या नजरेत मशीन तिथेच उतरतं. म्हणून जुना अस्सल सिलेंडर टाकून देऊ नका, मशीनसोबतच द्या. नवा रंगही मारू नका. रंग मारलेलं मशीन बघितलं की जाणकाराला पहिला संशय वेल्डिंगचा येतो.

दुरुस्ती

सफाई पटकन उरकते. रॉकेल किंवा डिझेल, ब्रश, लाकडी काडी. बॉडीवर ग्राइंडर चालवायचा नाही, मॅग्नेशियमचा कीस ठिणगीने पेटतो आणि पाणी मारून विझत नाही.

सिलेंडर काढल्यावर आतल्या भिंतीवर चिकटलेलं ॲल्युमिनियम खूपदा ओरखड्यासारखं दिसतं. भिंत कठीण क्रोमची असते, चिकटलेला थर पिस्टनचा. कापसाच्या काडीने हार्डवेअरच्या दुकानातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड फक्त त्या थरावर लावा, जास्त वेळ राहिलं तर ते क्रोमही खातं. फेस येतो, थर विरघळतो, फेस थांबला की पुसा. अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालून. खिडक्यांच्या कडांना ॲसिड लागता कामा नये, तिथलं उघडं ॲल्युमिनियम ते खाऊन टाकेल. शेवटी सोड्याच्या पाण्याने धुवा, सुकवा, लगेच ऑइल लावा. भिंत नखाला गुळगुळीत लागली तर सिलेंडर वाचला आणि तुमचा मोठा खर्चही. नवा पिस्टन बसवताना वरचा बाण सायलेन्सरकडे ठेवा. रिंगांची तोंडं आपापल्या खिळीवर आलीत ना, हे दोनदा बघा.

क्लच काढायचा तर लक्षात ठेवा, बहुतेक चेनसॉंना तिथे उलटे आटे असतात. पिस्टन अडवायला लोखंडी सळई घालू नका. पिस्टन खिडकीच्या वर गेल्यावर प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडा, ती मऊपणे अडते.

ऑइल सील ही स्वस्त गोष्ट, आणि लोक तीच टाळतात. मशीन तीस-चाळीस वर्षांचं असेल तर क्रँकच्या दोन्ही बाजूंचे सील न बघताच बदला. सील कडक झाला की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन वरच राहतं. तपासायचं तर कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरची तोंडं रबराच्या तुकड्यांनी बंद करून आत अर्धा बार हवा भरा आणि सीलवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसतील. बेअरिंगची जागा सैल झाली असेल तर कुपवाड एमआयडीसी किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाला गाठा, गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात नको.

ठिणगी येत नसेल तर कॉइल बदलायच्या आधी स्विचची वायर बघा. ती घासून बॉडीला टेकलेली असते आणि सगळं दुखणं तेवढंच असतं. जुन्या मशिनांत ठिणगीसाठी पॉइंट आणि कंडेन्सर असतात. पॉइंटच्या तोंडावरचा काळा थर बारीक पॉलिश पेपरने काढा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा कार्ड मधून ओढा. पॉइंटमधलं अंतर ०.३५ ते ०.४ मिलिमीटर, प्लगचं ०.५. कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये जाड व्हिजिटिंग कार्ड धरून स्क्रू आवळले की अंतर साधारण बरोबर येतं.

कार्ब्युरेटरला डायफ्राम-गॅस्केटचा किट आणि टाकीतला पाइप नवाच हवा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्याने फुगतं आणि पाझरतं. काम झालं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण सुरुवातीला एक लिटरला ४० मिलि टू-टी, म्हणजे पंचवीसास एक. धूर जरा होईल, होऊ दे. हे प्रमाण आधी ठरवा आणि कार्ब्युरेटरचे स्क्रू नंतर फिरवा, कारण ऑइलचं प्रमाण बदललं की सेटिंगही हलतं.

पट्टीच्या दोन्ही कडा सारख्या उंचीच्या आहेत का बघा. पट्टी सपाट फरशीवर उभी केली की कलायला नको. ०७० ला बहुधा .४०४ इंच पिचची, १.६ मिलिमीटर जाडीची चेन असते. पिचची खात्री करायची तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून त्याचं निम्मं करा. या चेनला ५.५ मिलिमीटरची गोल कानस लागते. छोट्या मशीनची कानस वापरली तर दात खालून पोखरला जातो.

पट्टीला जळकं ऑइल घालायची सवय सगळीकडे आहे. त्यात इंजिनचा धातूचा कीस असतो, तो पट्टी आणि पंप दोन्ही खातो, वर अंगावर उडणारं ते काळं तेल कातडीला घातक. नवं चाळीस नंबरचं ऑइल घ्या, महाग पडत नाही.

चालू करून बघताना

कार्ब्युरेटरचे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बंद करून एक-एक फेरा उघडा. मशीन सुरू करून तापू द्या, मग वेग पूर्ण वाढवून कान द्या. मोकळं असताना आवाजात किंचित फडफड हवी, आणि ओंडक्यात घातलं की ती जाऊन आवाज स्वच्छ व्हायला हवा. मोकळं असतानाच एकसूर शिट्टीसारखं पळत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, वरच्या वेगाचा स्क्रू लगेच थोडा उघडा. नव्या मशीनचा आवाज कानात ठेवून जुन्याला त्या वेगावर नेऊ नका. परीक्षा जुन्या बाभळीवर घ्या. निलगिरीवर कुठलंही मशीन शहाणं वाटतं.

या पिढीच्या बहुतेक मशिनांना चेन झटक्यात थांबवणारा चेन ब्रेक नाही, हादरे शोषणारे रबरही नाहीत. पट्टीचं टोक लाकडाला अडलं तर मशीन सरळ तोंडावर येतं. म्हणून माझ्या मते याची जागा जमिनीवर पडलेल्या, नीट टेकवलेल्या ओंडक्यावर. झाडावर चढून, शिडीवरून किंवा एका हाताने कधीच नाही. हेल्मेट, कानाचं संरक्षण, जाड बूट आणि पायाचं कवच घ्या, त्याचे पैसे मशीनच्या हिशेबातच धरा.

विकताना

दिवाळी झाली, बांधावरच्या वाटा सुकल्या, ट्रक शेतात जायला लागला की लाकडाचा हंगाम सुरू होतो. तेव्हाच मशीन बाहेर काढा. जूनमध्ये काढाल तर गिऱ्हाईक पडत्या भावात मागणार. जुना पिस्टन, जुने सील, पार्टची बिलं एका पिशवीत घालून मशीनसोबत ठेवा. त्या पिशवीने गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. ब्रेक नाही, हेही तोंडाने सांगा आणि पावतीवर लिहा.

घेताना आणि विकताना साधी सही केलेली पावती करा: मॉडेल, बॉडीवरचा नंबर, तारीख, दोघांची नावं, ओळखपत्राची झेरॉक्स. नंबर खरवडलेला असेल तर मशीन कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. आणि घेणारा नवखा असेल तर एवढं त्याला सांगाच, की मशीन स्वतःचं असलं तरी कित्येक झाडं तोडायला परवानगी लागते. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४ मधल्या यादीत आंबा, फणस, चिंच, साग अशी आपल्या बांधावरचीच झाडं आहेत. कोयना-चांदोलीच्या जंगलाच्या बाजूचं गिऱ्हाईक असेल तर मशीन गाडीत टाकायच्या आधी त्याला वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करायला लावा.